न सोललेल्या बटाट्याचा रंग



या सदरातून आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्ड, लग्नापायी होणारे कर्ज, पोरांचा अभ्यास अशा विषयांवर आजवर लिहीत आलो. आज चित्रकलेवर लिहीत आहोत. आयुष्यभर खतावण्या लिहिणाऱ्या कारकुनाने चित्रावर लिहावे याचे कोणाला हसू आले तर आमची हरकत नाही. पण लिहिण्यास कारण घडले आहे आणि त्या कारणात चूक आमची आहे. ती आधी कबूल करतो.

गेल्या जयंतीच्या तयारीची गोष्ट. विहारात मुलांच्या चित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरवायचे ठरले होते आणि चित्रे निवडण्याचे काम आमच्याकडे आले होते. शेजारच्या चाळीतला नववीचा एक मुलगा कागदाची गुंडाळी काखेत मारून आला. त्याचे वडील बाजारात हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. त्याने गुंडाळी उलगडली. चित्र रात्रीच्या जेवणाचे होते. जमिनीवर बसलेली चार माणसे, मध्ये पातेले, वर एक पिवळा बल्ब. चेहरे काळपट तपकिरी, गालफडे बसलेली, हाताची बोटे जाड आणि वाकडी.

आम्ही म्हणालो, “बाळा, जयंतीचा दिवस आहे. जरा उजळ रंग लाव, माणसे हसरी काढ. बाहेरचे पाहुणे येणार, आपली गरिबी कशाला भिंतीवर टांगायची?”

पोरगा “बरं काका” म्हणाला, गुंडाळी केली आणि गेला. दुसरे चित्र त्याने आणले नाही. प्रदर्शन झाले, वह्या-पेन्सिलींची बक्षिसे वाटली आणि आम्ही ते विसरून गेलो.

पुढे महिन्याभराने आमच्या मुलीने कॉलेजच्या ग्रंथालयातून चित्रांचे एक जाडजूड पुस्तक आणले. चहा पिता पिता आम्ही पाने उलटत होतो, ते एका पानावर हात थांबला. अंधारी झोपडी, वर टांगलेला दिवा, टेबलाभोवती पाच माणसे, मध्ये वाफाळलेले बटाटे. एक बाई कपांत कॉफी ओतते आहे. चेहरे मातकट, हाडे वर आलेली, बोटे जाड. खाली नाव होते ‘बटाटे खाणारी माणसे’. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग, साल १८८५. आज जगभरची माणसे रांगा लावून हे चित्र पाहायला अ‍ॅमस्टरडॅमला जातात. आणि आम्ही आमच्या पोराला सांगितले होते, माणसे हसरी काढ!

त्या रात्री आम्ही ते पुस्तक झोपेपर्यंत वाचले. जे वाचले ते वाचकांपुढे ठेवतो.

व्हॅन गॉगचा जन्म ३० मार्च १८५३ चा, हॉलंडमधील एका धर्मोपदेशकाच्या घरचा. चित्रे विकणाऱ्या पेढीत नोकरी केली, ती सुटली. शाळेत शिकवले, पुस्तकांच्या दुकानात राबला. मग प्रचारक होऊन बेल्जियममधील बोरिनाज या कोळसा खाणीच्या मुलखात गेला. तिथे तो खाणकामगारांसारखाच राहू लागला. अंगावरचे कपडे वाटून टाकले, झोपडीत झोपू लागला. वरच्यांना ते रुचले नाही आणि त्याची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. १८८० साली, वयाची सत्तावीस वर्षे उलटल्यावर, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. आपल्याकडे या वयाच्या माणसाला लोक पोराबाळांचे वय विचारतात!

त्याला ना कोणी आश्रयदाता होता, ना चित्रे विकून देणारी पेढी. होता तो एक धाकटा भाऊ, थिओ. थिओ पॅरिसला चित्रांच्या पेढीत नोकरी करी आणि पगारातून दरमहा साधारण दीडशे फ्रँक थोरल्या भावाला पाठवी. व्हिन्सेंट त्याला पत्रे लिही. नवे चित्र कोणते घेतले, कोणता रंग कशात मिसळला, काय चुकले, काय पुसून पुन्हा केले, सारे त्या पत्रांत असे. कागदाच्या कोपऱ्यात चित्राचा लहानसा नमुनाही काढून दाखवी. थिओला लिहिलेली अशी साडेसहाशेच्या आसपास पत्रे आज शिल्लक आहेत. म्हणूनच हे बटाट्यांचे चित्र कसे झाले ते आपल्याला इतके नेमके कळते.

न्यूनेन नावाच्या खेड्यात तो तेव्हा राहत होता. तिथे आधी त्याने मागावर बसलेल्या विणकरांची चित्रे काढली. मग १८८४-८५ च्या हिवाळ्यात शेतमजुरांचे चेहरे रंगवायला घेतले. थंडीत शेतावर काम कमी, म्हणून माणसे बसायला मिळत. मात्र बसण्याचे पैसे त्यांना द्यावे लागत. एक झाला की दुसरा, असे चाळीसच्या वर चेहरे त्याने रंगवले. मार्च १८८५ मध्ये त्याचे वडील अचानक वारले, तरी काम थांबले नाही. संध्याकाळी तो द ग्रूट नावाच्या मजूर कुटुंबाच्या झोपडीत जाऊन बसे आणि दिव्याच्या उजेडात त्यांचे जेवण पाहून रेखाटी. आधी कच्ची रेखाटने, मग लहान कॅनव्हास, मग त्याहून मोठा. शेवटचे चित्र ८२ सेंटिमीटर उंच आणि ११४ सेंटिमीटर रुंद. ते त्याने बरेचसे आठवणीतून काढले आणि मे १८८५ च्या सुरुवातीस पुरे केले. चाळीस चेहरे आधी हातातून गेले होते, म्हणून आठवणीतून काढता आले. पाढे पाठ असल्यावर हिशेबाला बोटे मोजावी लागत नाहीत, तसेच हे.

आता रंगाची गोष्ट. आधी त्याने चेहऱ्यांना पिवळी माती, तांबडी माती आणि पांढरा मिसळून कातडीचा उजळ रंग दिला होता. तो रंग त्याला फारच उजळ आणि खोटा वाटला. झोपडीतल्या त्या उजेडात माणसे तशी दिसतच नव्हती. मग जराही दयामाया न करता त्याने सगळे चेहरे पुन्हा रंगवले. कोणत्या रंगात? तर चांगल्या, धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्याच्या रंगात. हे त्याने स्वतःच भावाला कळवले आहे.

वाचकहो, इथे आम्ही पुस्तक मिटले. त्याने उजळ रंग झाकून मातीचा रंग दिला. आम्ही पोराला मातीचा काढून उजळ लावायला सांगितले.

असे का केले, तेही त्याने थिओला सांगितले. मतितार्थ असा: ही माणसे ताटात जे हात घालत आहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, म्हणजे आपले अन्न त्यांनी प्रामाणिकपणे कमावले आहे, हे चित्रातून कळावे. मजुरांच्या चित्राला धुराचा, बटाट्याच्या वाफेचा वास आला तर बिघडले कुठे, अत्तराचा मात्र येऊ नये. त्याने या माणसांवर दया दाखवली नाही, त्यांना गोंडसही केले नाही. त्यांच्या बोटांचे जाडपण त्याने लपवले नाही, कारण ते त्यांच्या कामाने आलेले होते. आपल्या घरातले वाडवडील ज्या हातांनी राबले ते हात आपण फोटोत मागे लपवतो. आम्हीही लपवले आहेत, खोटे कशाला बोलावे?

नावे ठेवणारे त्यालाही भेटले. चित्र चालू असतानाच त्याने त्याची शिळाछापाची प्रत केली होती. दगडावर सरळ काढल्यामुळे छापताना डावे-उजवे उलटले. एक प्रत त्याने अँटन व्हॅन रापार्ड या चित्रकार मित्राला पाठवली. मित्राने कडक उत्तर धाडले. हात आखूड, नाक धड नाही, असे काम करणे म्हणजे कलेची थट्टा! व्हिन्सेंटने ते पत्र पाकिटात घालून परत पाठवले. छापात दोष आहेत हे त्याने पुढे कबूल केले, पण चित्रामागचा विचार सोडला नाही. ती मैत्री त्यानंतर फार टिकली नाही. त्याच वर्षी गावच्या धर्मगुरूने लोकांना या चित्रकारापुढे बसू नका असे बजावले आणि बसायला माणसे मिळेनाशी झाली.

रापार्ड काही वाईट माणूस नव्हता. त्याने तयार प्रत पाहिली आणि निकाल दिला. चाळीस चेहऱ्यांचा तो हिवाळा त्याने हिशेबात धरला नाही. आम्हीही तेच केले. पोराला एकदाही विचारले नाही की बाबा, हे कसे काढलेस.

आता थोडे पैशाविषयी, कारण आम्ही बी.कॉम. झालेली माणसे, जमाखर्च पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. १८८४ च्या सुरुवातीस व्हिन्सेंटने भावापुढे एक करार ठेवला. तू पाठवतोस ते पैसे मला दान म्हणून नकोत. त्या बदल्यात माझी चित्रे तुझी. म्हणजे दोघांच्या खात्यात देणे-घेणे लिहिले गेले आणि कोणाची मान खाली गेली नाही. गरीब नातेवाइकाला मदत करणाऱ्यांनी हा करार ध्यानात ठेवावा. हयातीत त्याची फारच थोडी चित्रे विकली गेली. १८९० साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र चारशे फ्रँकला गेले. दीडशेने भागले तर थिओच्या पावणेतीन महिन्यांच्या मदतीइतकीही ती रक्कम होत नाही. पॅरिसमध्ये स्वतंत्र चित्रकारांचे एक प्रदर्शन भरे, तिथे ना परीक्षक ना बक्षीस. तिथेही १८८८ पासून तीन वर्षे त्याची चित्रे लागली.

पुढे तो फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावी गेला आणि त्याच्या चित्रांत ऊन आले. भावाला पत्रे लिहिण्याचा शिरस्ता मात्र तोच. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्याने आपल्या झोपण्याच्या खोलीचे चित्र काढले आणि पत्रातून एकेक रंग कळवला. भिंती फिकट जांभळ्या, फरशी लाल, पलंग ताज्या लोण्यासारखा पिवळा, पांघरूण तांबडेलाल. आज ते चित्र पाहिले तर भिंती निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला तांबडा रंग काळाच्या ओघात उडून गेला. मूळ रंग कोणता होता हे आज कळते त्यात त्या पत्राचा मोठा वाटा आहे.

याच गावी सप्टेंबर १८८८ मध्ये त्याने स्वतःचे एक चित्र काढले आणि गोगँ या चित्रकार मित्राला अर्पण केले. केस बारीक कापलेले, मागे फिकट हिरवा रंग. हे चित्र काढताना आपण स्वतःला बुद्धाचा एक साधा उपासक असलेला भिक्षू समजलो, असे त्याने कळवले आहे. त्याने धम्म स्वीकारला होता असा अर्थ कोणी काढू नये. जपानविषयी वाचून, जपानी चित्रे पाहून त्याला त्या साध्या राहणीची ओढ लागली होती, इतकेच. तरीही एका परक्या मुलखातील गरीब चित्रकाराला आपला चेहरा भिक्षूचा असावा असे वाटले, हे वाचून आम्हाला बरे वाटले. ते चित्र आज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

मनाच्या आजाराने खचून २९ जुलै १८९० रोजी तो गेला. वय सदतीस. चित्रकार व्हायचे तर असेच हाल सोसावे लागतात असे मात्र कोणी पोरांच्या मनात भरवू नये. आजार हा आजार असतो, त्यावर औषधपाणी करायचे असते. त्याच्या मागोमाग २५ जानेवारी १८९१ रोजी थिओही वारला. मागे राहिली थिओची अठ्ठावीस वर्षांची पत्नी योहाना, तिचे वर्षाचे मूल, आणि कोणी फारसे न विचारणारा चित्रांचा व पत्रांचा ढीग.

आमच्या भगिनींनी हे मुद्दाम वाचावे. ही बाई हॉलंडला परतली, चरितार्थासाठी तिने पाहुण्यांना राहण्या-जेवणाची सोय करणारे घर चालवले. चित्रे सांभाळली, जपून विकली, प्रदर्शने भरवली. पत्रे तारीखवार लावण्याचे किचकट काम केले आणि १९१४ साली ती छापून काढली. तिने तो कागदांचा ढीग रद्दीत घातला असता तर आज व्हॅन गॉग हे नाव आपल्या चाळीपर्यंत आले असते की नाही, कोण जाणे. ‘बटाटे खाणारी माणसे’ हे चित्र तर थिओ आणि योहाना यांच्या पॅरिसच्या घरी जेवणाच्या खोलीतच लावलेले होते. खुद्द व्हिन्सेंटनेही १८८७ साली बहिणीला कळवले होते की आपल्या साऱ्या कामात न्यूनेनचे ते बटाट्यांचे चित्रच सर्वांत चांगले.

एक योगायोग सांगतो. १४ एप्रिल १९९१, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा दिवस. आपण सारे इकडे मिरवणुकीत होतो आणि त्याच दिवशी पहाटे अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातून व्हॅन गॉगची वीस चित्रे चोरीस गेली. त्यात हे मजुरांचे चित्रही होते. तासाभरातच सोडून दिलेल्या एका मोटारीत सगळी सापडली. ज्या चित्राला मित्राने कलेची थट्टा म्हटले ते आता चोरांनाही हवे होते!

हे सारे वाचल्यावर आम्हाला घरी बसवेना. रविवारी सकाळी पुस्तक घेऊन त्या मुलाच्या खोलीवर गेलो. माऊलीने पाणी दिले. आम्ही म्हणालो, “ताई, पोराचे ते चित्र कुठे आहे?” ती ओशाळली. “दादा, तो म्हणाला आता नको ते. मग मी डब्यांखाली अंथरलं.” मांडणीवरचे डबे बाजूला करून तिने कागद काढला. त्यावर तेलाचे दोन गोल डाग पडले होते. तिला आम्ही काय बोलणार? कागद तिने अंथरला असला तरी तो तिथवर पोहोचवला होता आम्ही.

मुलाला जवळ बसवले आणि जे आधी विचारायला हवे होते ते विचारले, “हे कसे काढलेस?” आधी बोलेना. मग बोलू लागला ते थांबेना. वडील दुपारी दमून झोपले की त्यांच्या हाताशी बसून त्याने बोटे काढली होती. वहीच्या मागची अकरा पाने नुसत्या बोटांनी भरलेली. तपकिरी रंगाची बाटली संपली होती, म्हणून लाल आणि हिरवा मिसळून तो रंग केला. “काका, बल्बखाली आमचे चेहरे तसेच दिसतात. गोरा रंग लावून बघितला होता, आई ओळखू येईना.” आम्ही पुस्तकातले चित्र त्याच्यापुढे उघडून ठेवले. बराच वेळ पाहून म्हणाला, “यांचा दिवा बरोबर जमलाय. माझा बल्ब चुकला.”

आम्ही त्याची माफी मागितली. पोरासमोर मोठ्या माणसाने माफी मागायची आपल्याकडे पद्धत नाही, पाडायला हवी.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू झाले तेव्हा ते चित्र, तेलाच्या डागांसकट, आम्ही भिंतीवर लावले. शेजारी त्याच्याच अक्षरात एक कागद: चित्र कसे काढले, रंग कसा केला, काय चुकले. बायाबापड्या आधी कागद वाचत आणि मग चित्राकडे पुन्हा पाहत. एका संध्याकाळी त्याचे वडील कामावरून थेट आले. बराच वेळ उभे होते. जाताना आम्हाला विचारले, “भाऊ, चांगलं आहे. पण याने पोट भरेल का?”

वाचकहो, याला आमच्याकडे गोड उत्तर नव्हते आणि आम्ही दिलेही नाही. थिओची नोकरी होती म्हणून व्हिन्सेंटची चूल पेटत होती, हे आम्ही त्यांना सांगितले. शिक्षण सोडायचे नाही, हेही सांगितले. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा शाळेतूनच देता येतात, त्या त्याला देऊ द्या. मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय १८५७ पासून आहे. पुढे तिथपर्यंत जाता येते का ते पाहू, चौकशी आम्ही करू. त्यांनी मान हलवली. त्यांना पोराला आयटीआयला घालायचे आहे आणि त्यांचेही चुकत नाही. अजून त्यांनी होकार दिलेला नाही.

आमचे वाचकांना इतकेच सांगणे आहे. घरात एखादे पोर रेघोट्या ओढत असेल तर निकाल देण्याआधी विचारा, कसे काढलेस. त्याला बोलू द्या. कागदाच्या मागे तारीख घाला आणि एका जुन्या पिशवीत ते कागद जपून ठेवा. याला पैसा लागत नाही. पोर पुढे चित्रकार होवो अथवा फिटर, आपल्या घराचा चेहरा त्याने खरा काढला होता एवढे तरी त्या पिशवीत राहील.

तो मुलगा आता बल्ब पुन्हा काढतो आहे. तपकिरी रंगाची बाटली आम्ही आणून दिली, तर म्हणाला, “काका, मिसळलेलाच बरा होता.”

पुढील अंकी भेटू. जयभीम!